पेन्सिलीतला चौकोन

शेजारच्या कोकिलाबेननी एकदा माझ्या सासूबाईंना विचारलं, "तमारी वहू रोज सांजे क्यां जाय छे?" सासूबाई गवार मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जपान."

आमच्या घरापासून जपान चालत सात मिनिटांवर होतं. बडोद्याच्या अकोटा भागातल्या एका जुन्या सोसायटीतलं कोपऱ्यावरचं टेनामेंट, पुढे पेरूचं झाड, ओट्यावर हिंदोळा आणि दाराशी पाटी: "विजया शितोळे. जपानी भाषा. पायरीपायरीने." पाटीवरचं अक्षर छापल्यासारखं होतं. रंगाऱ्यानं काढलं असेल असं मला वाटलं होतं, पण ते विजूताईंनी स्वतः काढलेलं होतं.

खरं सांगायचं तर मला जपानीशी काही देणंघेणं नव्हतं. लग्न होऊन बडोद्याला आले होते, घरात नऊ माणसं, आणि संध्याकाळचा एक तास कुठेतरी पळून जायला निमित्त हवं होतं. शिवणकामाचा क्लास लावला असता तर नऊ जणांचे ब्लाउज आणि लेंगे माझ्याच गळ्यात पडले असते. जपानीचा घरात कुणालाच उपयोग नव्हता, म्हणून मी ती निवडली. हे मी पहिल्याच दिवशी विजूताईंना सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कारण चांगलं आहे. टिकेल."

विजूताई तेव्हा पन्नाशीच्या पुढे होत्या. उंच, काटकुळ्या, ताठ. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते म्हणे, आणि तो ताठपणा घराण्यात फक्त ह्यांच्याच वाट्याला आला असावा, कारण त्यांचे भाऊ कमरेतून वाकलेले होते. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, मधल्या बोटाला पेनानं पडलेला घट्टा. लग्न केलं नव्हतं. एकदा मी आगाऊपणानं विचारलं, तर म्हणाल्या, "पेन्सिलीत होतं एकदा. शाई लागली नाही." आणि समोर लीलो चेवड्याची बशी सरकवली.

ही पेन्सिल-शाईची भाषा कळायला त्यांची नोकरी सांगायला हवी. विजूताई एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होत्या. म्हणजे साहेब लोक पेन्सिलीनं यंत्राचा नकाशा काढणार आणि ह्या त्यावर पारदर्शक कागद ठेवून तो शाईनं गिरवणार. दिवसभर बोर्डावर ओणवं राहायचं, रेघ आणि अक्षर. शाईची चूक झाली तर ती पुसता येत नाही, ब्लेडनं खरवडावी लागते. खरवडलेली जागा उजेडात धरली की दिसते. विजूताईंच्या एकाही नकाशावर कधी खरवडल्याची खूण नव्हती. दाढीचं अर्धं मोडलेलं ब्लेड मेणकागदात गुंडाळून त्यांनी कंपासपेटीत ठेवलेलं असे, पण ते बाहेर काढायची वेळ येणं म्हणजे त्यांच्या लेखी नाक कापलं जाणं.

मग कंप्यूटर आले. एका मोठ्या यंत्रातून नकाशे आपोआप गिरवून बाहेर पडायला लागले आणि सात ट्रेसरना साहेबांनी हार घालून, नारळ देऊन घरी पाठवलं. बाकीच्या सहाजणी रडल्या. विजूताईंनी फक्त विचारलं, "माझा बोर्ड नेऊ का?" तो बोर्ड म्हणजेच आमच्या क्लासचं टेबल.

क्लासचा मुख्य देव मात्र भिंतीवर होता. जपानी शिकण्याचा नकाशा. खाली सुरुवात, वर शेवट, मध्ये चार मजले. परीक्षाही तेव्हा चार पातळ्यांची होती, चौथी सगळ्यात सोपी, पहिली सगळ्यात अवघड. प्रत्येक मजल्यावर चौकोन: अक्षरमाळा, चित्रलिपीतली पहिली शंभर अक्षरं, वाक्य जोडणं, कॅसेट ऐकणं, पत्र लिहिणं, वर्तमानपत्र वाचणं. कुठल्या चौकोनाआधी कुठला हवा, ते बाणांनी दाखवलेलं. असा एकेक नकाशा त्या प्रत्येक विद्यार्थ्याला काढून देत, पण पेन्सिलीनं. एखादी गोष्ट पक्की आली की त्या स्वतः पेन घेऊन तेवढा चौकोन शाईनं गिरवायच्या. "शाई लागली" म्हणजे आलं. "पेन्सिलीत आहे" म्हणजे अजून कच्चं. हळूहळू आम्ही सगळे तसेच बोलायला लागलो. माझ्या नणंदेचं लग्न सहा महिने पेन्सिलीत होतं.

आणि सुरुवात कशी? तीन आठवडे नुसत्या रेघा. मी पदवीधर बाई, पोळीभाजीचे दोन डबे करून आलेली, आणि बोर्डासमोर बसून उभ्या रेघा मारतेय! एकदा वैतागून म्हटलं, "ताई, अक्षर कधी?"

"रेघेला कुठे थांबायचं ते कळलं की."

"आणि ते कधी कळणार?"

"तू विचारणं थांबवशील तेव्हा."

एक गृहस्थ तीस दिवसांत जपानी शिकवणारं पुस्तक घेऊन आले होते. त्यांना मुंबईत जपानी गिऱ्हाईक भेटणार होतं, पुढच्या महिन्यात. विजूताईंनी त्यांना हिंदोळ्यावर बसवलं, चहा दिला, पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं आणि परत देताना म्हणाल्या, "भाई, तीस दिवसांत आमच्याकडे लोणचंपण मुरत नाही. आवजो." गृहस्थ इतके खूश होऊन गेले की पुढच्या वर्षी आपल्या पुतण्याला घेऊन आले, आणि त्या पुतण्यानं मुकाट तीन आठवडे रेघा मारल्या.

त्यांच्या स्वतःच्या शिक्षणाचा नकाशा आतल्या खोलीत होता. मी तो पहिल्यांदा पाहिला तो कपाटातून कॅसेट आणायला गेले तेव्हा. चारी मजले शाईनं चमकत होते. बाई पहिली पातळी पास होत्या! दिल्लीला जाऊन, थंडीत कुडकुडत, दुसऱ्या खेपेला. सबंध नकाशात एकच चौकोन पेन्सिलीत होता, अगदी वरचा. त्यात लिहिलं होतं, "बोलणे." पेन्सिल पुसट होऊ नये म्हणून त्यावरून पुन्हा पुन्हा फिरवलेली, इतकी की चौकोन काळाकुट्ट झाला होता. दर दिवाळीला घर झाडताना त्या ती ताजी करतात, हे मला नंतर कळलं.

"ताई, हे काय? तुम्ही तर पहिली पास आहात."

"परीक्षेत बोलायला लावतच नाहीत. वाचा, ऐका, खुणा करा. मी कुणाही जपानी माणसाशी आजवर एक वाक्य बोललेले नाही, मंदा."

"पण क्लासात तर बोलता."

"क्लासात वाचते. छापलेलं. ते माझं नव्हे."

एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातली कॅसेट घेतली आणि विषय संपवला. त्यांच्या गप्प बसण्यालाही रेघेसारखा शेवट असायचा, पुढे काही नाही.

गोष्ट मला हितेशकडून कळली. हितेश आमच्या वर्गातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात निर्लज्ज मुलगा. बाजव्याहून स्कूटरवर यायचा, एका कंपनीत इंजिनियर होता आणि त्याला काहीही करून जपानला जायचं होतं. त्याचे मामा विजूताईंच्या जुन्या ऑफिसात होते. त्यांनी त्याला सांगितलेलं असं.

ताई ट्रेसर असताना कारखान्यात जपानहून नकाशे यायचे. त्यांतल्या टिपा जपानीत. कुणाला येत नव्हतं, पण विजूताईंनी चित्र समजून सगळ्या टिपा हुबेहूब गिरवल्या. एका गठ्ठ्यातल्या नकाशांवर कोपऱ्यात चार मोठी अक्षरं होती, तीही गिरवली. अकरा नकाशे. मग एक जपानी पाहुणा आला. त्यानं नकाशे पाहिले, थबकला, मग विजूताईंकडे वळून काहीतरी म्हणाला. सगळं ऑफिस बघतंय. ह्यांना काही कळेना. तो पुन्हा तेच म्हणाला, हसून. ह्या नुसत्या उभ्या. पाहुणा शेवटी मान लववून पुढे गेला. नंतर मोडक्या इंग्रजीतून उलगडा झाला. त्या चार अक्षरांचा अर्थ होता, "वापरण्यास मनाई." जुने, रद्द झालेले नकाशे होते ते. ताईंनी अकराच्या अकरा नकाशांवर, सुरेख अक्षरात, एकही खरवड न करता, हे वापरू नका असं लिहून ठेवलं होतं, आणि कारखान्यानं त्यावरून वर्षभर माल काढला होता.

"साहेब काय म्हणाले?" मी विचारलं.

"साहेब शुं कहे? ते स्वतः चेक करून सही करेला," हितेश म्हणाला. "पण विजूबेन दुसऱ्या दिवसापासून जपानी शिकायला लाग्या."

म्हणजे बाईंनी दोन हजार चित्राक्षरं घोटली, दिल्लीला जाऊन परीक्षा दिल्या, आम्हा सगळ्यांना मजल्यामजल्यानं वर चढवलं, ते त्या एका मिनिटासाठी. समोर माणूस उभा आहे, आपल्याशी बोलतोय आणि आपल्याला उत्तर देता येत नाही, ते मिनिट पुन्हा येऊ नये म्हणून. आणि एवढं करूनही ते मिनिट काही त्यांच्या मनातून जाईना. बोलायचं तर चूक न होता बोलायचं. आणि बोलल्याशिवाय चूक होते की नाही हे कळणार कसं? मला त्यांचा राग यायचा. एवढं घर बांधलंय आणि दार उघडत नाही! पण त्यांना हे सांगायची हिंमत नऊ माणसांच्या सुनेला कुठून यायची?

हितेश जपानला गेला. निघताना ताईंच्या पाया पडला आणि तिथून धडाधड जपानीत पत्रं पाठवायला लागला. ताई प्रत्येक पत्र पेन्सिलीनं तपासून परत टपालात टाकायच्या. एका पत्राच्या शेवटी त्यानं लिहिलं होतं, "विजूबेन, मी रोज शंभर चुका करतो. लोक हसतात आणि मग जेवायला बोलावतात." ताईंनी त्या ओळीखाली कितीतरी वेळ पेन्सिल धरली आणि काहीच खूण केली नाही. मी समोरच बसले होते.

दोन वर्षांनी हितेश परत आला तो बडोद्याबाहेर, करजणजवळ निघालेल्या नव्या कारखान्यात. परदेशी कंपन्या तेव्हा हायवेच्या दोन्ही बाजूंनी उगवत होत्या. कारखान्यानं जपानहून एक भलामोठा जुना प्रेस विकत घेतला होता आणि तो बसवायला ओकाबे नावाचे एक वयस्क इंजिनियर आले होते. प्रेसबरोबर नकाशांची भेंडोळी आली, सगळ्या टिपा हातानं लिहिलेल्या. हितेशला बोलता फाडफाड यायचं, पण तसलं जुनं हस्ताक्षर त्याच्या बापजन्मी वाचता आलं नसतं. तो थेट अकोट्याला आला.

"विजूबेन, तमे चालो."

"वाचायला येते," ताई म्हणाल्या. "बोलणार नाही. हे आधी कबूल कर."

"कबूल."

"आणि मंदा सोबत येईल."

मी घरी सांगितलं, आज जपान करजणला आहे. सासूबाईंनी डब्यात थेपले भरून दिले.

शेडमध्ये कानठळ्या बसत होत्या. एका टोकाला प्रेसवर शिडी लावून, गळ्यात टॉवेल घालून ओकाबेसान काहीतरी मोजत होते. बुटके, साठीचे, आमच्याकडे पाठ. दुसऱ्या टोकाला चार फिटर पायाच्या काँक्रीटमध्ये बोल्टांसाठी भोकं पाडायच्या तयारीत, समोर नकाशा पसरलेला. ताईंना बाजूला टेबल दिलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, भेंडोळं उलगडलं आणि एकेक जपानी टीप उतरवून तिच्याखाली गुजरातीत अर्थ लिहायला लागल्या. हितेश फोन करायला ऑफिसात गेला.

मी थेपल्याचा डबा उघडत होते. ताई दुसरं भेंडोळं आणायला उठल्या, फिटरांच्या नकाशाजवळून गेल्या आणि थांबल्या.  मीही पाहिलं. कोपऱ्यात चार मोठी अक्षरं. आतापर्यंत तेवढी चार मलाही ओळखू येत होती.

"थोभो!" ताई फिटरांना म्हणाल्या. "आ जूनो नकशो छे!"

मुख्य फिटर म्हणाला, "बेन, साहेबे हा पाडी छे. साहेब कहे तो रोकीए." आणि त्यानं ड्रिलचं बटण दाबायला अंगठा नेला. साहेब म्हणजे ओकाबेसान, आणि त्यांनी मान डोलावली होती ती लांबून, त्यांच्या स्वतःच्या हातातल्या नव्या नकाशाकडे बघून. फिटरांसमोर कुठला कागद आहे, हे त्यांना कुठे ठाऊक!

मी म्हटलं, "ताई, मी हितेशला बोलावते." त्यांनी माझं मनगट पकडलं.  क्षणभर तसंच धरून ठेवलं, मग सोडलं, आणि त्या शिडीच्या दिशेनं चालायला लागल्या. चालत नव्हत्या, पळत होत्या. शिडीखाली उभ्या राहून, सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात, त्या फौजी पणजोबांच्या पणतीनं तीच चार अक्षरं जशीच्या तशी ओरडली: "शियो किन्शी!"

वापरण्यास मनाई! नमस्कार नाही, चमत्कार नाही, "साहेब जरा ऐकता का" नाही. तटावरून आरोळी मारावी तसा हुकूम. ओकाबेसान दचकले, हातातली मोजपट्टी खाली पडली आणि शिडीवर ताठ उभे राहून ते म्हणाले, "हाय!" म्हणजे जपानीत "होय!" फिटरचा अंगठा आपोआप मागे आला.

पुढचं मग सगळं भराभर झालं. ताई बोलत होत्या, बोट दाखवत होत्या, अडखळत होत्या, मागे जाऊन वाक्य पुन्हा धरत होत्या. ओकाबेसान शिडी उतरून धावले, नकाशा पाहिला, कपाळाला हात लावला आणि फिटरांच्या समोरून तो कागद उचलून स्वतःच्या काखेत मारला. मग ताईंपुढे कमरेत वाकले. ताईही वाकल्या. ते पुन्हा वाकले. किती वेळा वाकायचं हे नकाशात नव्हतं, त्यामुळे दोघं बराच वेळ वाकत राहिली.

हितेश परत आला तेव्हा विजूताई कँटीनच्या बाकावर ओकाबेसानांना थेपले वाढत होत्या आणि जपानीत अकरा नकाशांची गोष्ट सांगत होत्या. हितेश माझ्या कानाशी म्हणाला, "मंदाबेन, केटली भूल करे छे! बापरे!" आणि त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, खोटं कशाला बोलू?

गोष्ट संपल्यावर ताईंनी ओकाबेसानांना काहीतरी विचारलं. हितेशनं मला सांगितलं, त्या विचारतायत की तो पाहुणा मला दोनदा काय म्हणाला असेल? ओकाबेसानांनी टॉवेलनं तोंड पुसलं, विचार केला, आणि ताईंनी लिहिलेला टिपांचा कागद हातात घेऊन म्हणाले, ह्या अक्षराकडे बघून आमच्याकडचा कुणीही एकच विचारेल: फार सुंदर आहे, कुठे शिकलात?

 ताई एकदम हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. "ह्यासाठी वीस वर्षं!" मला म्हणाल्या. "ह्याचं उत्तर तर मी गुजरातीतपण दिलं असतं!"

त्या संध्याकाळी त्यांनी आतल्या खोलीतला शेवटचा चौकोन शाईनं गिरवला. मी साक्षीला होते. दुसऱ्या दिवशी गेले तर ताई तोच चौकोन ब्लेडनं खरवडत बसलेल्या.

"अहो, हे काय?"

"काल बोललेल्यातलं निम्मं चुकलेलं आठवलं. पुन्हा गिरवते."

मग हा छंदच लागला. करजणला कुणी जपानी आलं की ताई तिकडे, नाहीतर ते अकोट्याच्या हिंदोळ्यावर. बोलायच्या, चुकायच्या, खरवडायच्या, गिरवायच्या. क्लासचे नियमही बदलले. तीन आठवड्यांच्या रेघा राहिल्या, पण "बोलणे" हा चौकोन शेंड्यावरून काढून पहिल्या मजल्यावर, अक्षरमाळेच्याही खाली आला. आणि नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी नकाशाबरोबर मेणकागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड मिळायला लागलं.

काही वर्षांनी यजमानांची बदली झाली आणि आम्ही बडोदं सोडलं. निरोप घ्यायला गेले तेव्हा ताईंनी माझा नकाशा गुंडाळून हातात दिला. तिसरी पातळी अर्धी, तिच्यावरचं सगळं पेन्सिलीत. मला लाज वाटली. मी म्हटलं, "ताई, मी काही वर चढले नाही."

"चढायला आली होतीस कुठे? एक तास सुटका हवी होती ना? ती पूर्ण झाली." आणि त्यांनी माझ्यासमोर नकाशाच्या तळाशी एक छोटा चौकोन काढला, "सुटका" असं लिहिलं आणि शाईनं गिरवला. सबंध नकाशात मला तोच सगळ्यात आवडतो.

रिक्षा सुरू झाली. मागे वळून पाहिलं तर ताई पेरूखाली उभ्या होत्या, ताठ, एक हात वर. सोसायटीतल्या बायका ओट्यांवर भाज्या निवडत होत्या. सगळ्यांच्या देखत ताईंनी जपानीत ओरडून मला निरोप दिला. एक लांबलचक वाक्य, प्रवास सुखाचा होवो, पत्र लिही, असं काहीतरी. त्यात चूक होती. माझ्यासारख्या अर्ध्या तिसरीवालीलासुद्धा कळली. त्यांनाही कळली. त्यांनी कपाळावर हात मारला, दोन बोटांनी हवेत खरवडल्यासारखं केलं, आणि तेच वाक्य पुन्हा, आणखी मोठ्यानं ओरडून म्हटलं.

ह्या खेपेला दुसऱ्याच जागी चुकल्या. रिक्षा वळेपर्यंत त्यांचं हसणं मला ऐकू येत होतं.